दुसरी वेलांटी

१

रणवरे सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या शाळेनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि काटेवाडीच्या पोटात गोळा आला. तोवर सरांची लाल शाई मुलांच्या वह्यांपुरती होती, आता ती गल्लीत आली. दुकानावरचं ‘शितपेये’, दवाखान्याच्या दारावरचं ‘तपासनी’, लग्नपत्रिकेतलं ‘आशिर्वाद’, कशाकशाला म्हणून त्यांनी सोडलं नाही. तीस वर्षं शाईत राहून त्यांच्या उजव्या तर्जनीचं टोक कायमचं लालसर झालं होतं. ते बोट समोरच्याच्या नाकापुढं नाचवल्याशिवाय सरांना बोलताच येत नसे.

“अडाणी,” ते शेवटी म्हणत. एवढं म्हटलं की त्यांना जेवण गोड लागायचं.

बायको माधवी कोऱ्हाळ्याची. ती ‘हाय’ म्हणाली की सर ‘आहे’ म्हणत, ‘न्हाय’ म्हणाली की ‘नाही’. चौतीस वर्षांत एकही ‘न्हाय’ त्यांनी फुकट जाऊ दिला नव्हता. तिलाही इतकी सवय झाली होती की तेवढा शब्द बोलून ती क्षणभर थांबायची, सरांची दुरुस्ती येऊन गेली की पुढं बोलायची.

मुलगा दीपक लोणी देवकरला कंपनीत होता. हात कामात राहिले तर तोंड जरा बंद राहील, या आशेनं त्यानं वडिलांना एक यंत्र आणून दिलं. लोखंडी टेबल, वर बगळ्यासारखी वाकलेली मान आणि मधे दोऱ्याइतकं बारीक पातं, सुईसारखं खालीवर होणारं. लाकडातून हवी ती नक्षी कापून काढायची. खोक्यावर ‘स्क्रोल सॉ’ लिहिलं होतं. सरांनी त्याचं नाव ‘नक्षीकरवत’ ठेवलं आणि माधवी त्याला शिलाई मशीन म्हणू लागली.

परसात गोठ्याशेजारी एक खोली होती. गाय विकली तशी रिकामी पडलेली. कडबाकुट्टीचं यंत्र बसवायला तिथं एक भरीव सिमेंटचा ओटा बांधलेला होता. सरांनी करवत त्याच ओट्यावर बोल्टांनी आवळली आणि पहिल्याच दिवशी पातं उलटं बसवलं. फळी उडाली आणि मनगटावर बसली.

बारामतीत ज्यांच्या वखारीतून सरांनी लाकूड आणलं ते बादशाहभाई बघायला आले. तिसरीत शाळा सोडलेला माणूस. ही गोष्ट सर कधी विसरत नसत.

“सर, पात्याचं दात खाली बघाय पायजेत,” बादशाहभाई म्हणाले. “ह्ये मशीन खाली वढतं. दात वर झालं की लाकूड उडतंय. आन् ढकलू नका. लाकडाला त्याच्या चालीनं येऊ द्या.”

“पायजेत नव्हे, पाहिजेत,” सर म्हणाले. आभार मानायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

२

पहिली पाटी त्यांनी समोरच्या जोतीरामसाठी केली. जोतीरामनं ती मागितली नव्हती. पण त्याच्या दारावर ‘मातोश्रि’ असं रंगवलेलं होतं, आणि ते रोज सकाळी दात घासताना सरांना दिसत होतं. ज्याला आईच्या नावाची वेलांटी धड देता येत नाही तो माणूस डेअरीत दूध काय धड घालत असेल, असं सरांचं मत होतं.

काम सोपं होतं. फळीवर नमुन्याचा कागद चिकटवायचा. वर शिरोरेषा, खाली एक पट्टी आणि मधे अक्षरं उभी, म्हणजे काही गळून पडत नाही. कापायच्या त्या अक्षरांच्या मधल्या पोकळ्या. प्रत्येक पोकळीत भोक पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा आवळायचं आणि कडेकडेनं फिरवून तुकडा पाडायचा. सरांनी लाल पेनानं पोकळ्यांना आकडे दिले. वीस झाल्या. तुकडे इकडंतिकडं जाऊ नयेत म्हणून टेबलाच्या फटीखाली माधवीची स्टीलची परात ठेवली. तुकडा पडला की परातीत ‘टण्’ वाजायचं. सरांना तो आवाज आवडला. चूक बरोबर केल्याचा आवाज, असं ते मनाशी म्हणाले.

जेवणानंतर दोन ते चार हे त्यांनी तास लावल्यासारखं ठरवून टाकलं. तीन दिवसांत ‘मातोश्री’ तयार झाली. सरांनी परातीतले तुकडे मोजले. एकवीस होते.

पुन्हा मोजले. वीस तुकड्यांवर कागद होता, कागदावर लाल आकडा होता. एकविसाव्यावर काहीच नव्हतं. करंगळीएवढा, एका बाजूनं वळणदार, काळपट लाकडाचा. सरांची फळी सागवानी होती.

“माधवी, या परातीत तू काय टाकलंस?”

“मी कशाला टाकू? मी तिकडं येतच न्हाय.”

“नाही. येतच नाही,” सर म्हणाले, आणि तिच्याच परातीला आधीचं काहीतरी चिकटलं असणार असं ठरवून त्यांनी तो तुकडा शेवेच्या रिकाम्या डब्यात टाकला. जोतीरामनं दोन्ही हातांनी पाटी घेतली आणि म्हशीच्या गोठ्यात नेऊन लावली.

३

दुसऱ्या पाटीत दोन तुकडे जास्त निघाले. तिसरीतही दोन. सगळे त्याच काळपट लाकडाचे, आणि नाकाशी धरले तर ओल्या मातीचा वास. सरांनी परात घासून घेतली, खोली झाडली, कोपऱ्यातली घूस शोधली. तरी रोज एखादा होताच.

एका दुपारी लाइट गेली. सर पाटीला पॉलिश पेपर घासत खाटेवर बसले होते. पंखा थांबला, समोरच्या म्हशीची साखळी वाजली, आणि परातीत ‘टण्’ झालं.

करवत बंद होती. सरांनी बसल्या जागेवरून पाहिलं. मग उठून जाऊन पाहिलं. परातीत एक काळा तुकडा होता आणि तो अजून किंचित हलत होता. अडकून राहिलेला असेल, उशिरा पडला, ते स्वतःला म्हणाले. कारण चांगलं होतं. ते पटवून घेत असताना त्यांचं लक्ष पात्याकडं गेलं. पात्याचे दात वर होते.

सकाळी त्यांनीच बसवलं होतं, दात खाली करून. चष्मा लावून, बोट फिरवून, खात्री करून. सरांना स्वतःच्या हातून चूक झाल्याचं आठवायची सवय नव्हती. म्हणून त्यांनी ती चूक दीपकच्या खात्यावर टाकली, तो रविवारी येऊन गेला होता, एवढं त्यांना पुरलं.

शेवटी ते डबा घेऊन बारामतीला वखारीत गेले. बादशाहभाईंनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला, अंगठा फिरवला आणि मग दुसरा उचलला.

“ह्ये आमचं लाकूड न्हाय, सर. भुईत राहिलेलं लाकूड असं काळं पडतंय.” त्यांनी तुकड्याच्या कडेला उभी राहिलेली कुसळं दाखवली. “आन् ही तुसं बघा. पातं खाली जातं, म्हनून तुसं नेहमी खालच्या अंगाला निघत्यात. अक्षराची बाजू सुलटी धरली तर ह्येंची तुसं वर हायत.”

“म्हणजे?”

“म्हंजे कापनारा खालनं कापतोय.”

“खाली भरीव सिमेंट आहे, बादशाह,” सर म्हणाले, वयानं मोठ्या माणसाला एकेरीत.

“म्हनून तर म्हनतोय,” बादशाहभाई म्हणाले, आणि डबा झाकण लावून परत दिला. मग त्यांनी नळावर जाऊन हात धुतले. तिसरी नापास माणसाकडून दुसरी काय अपेक्षा, असं म्हणत सर मोटारसायकलवर बसले. काटेवाडी येईपर्यंत ते तेच म्हणत होते.

४

शाळेनं मोडीत काढलेला एक फळा सरांनी घरी आणून ठेवला होता. तो खाटेवर आडवा टाकला आणि त्यावर काळे तुकडे मांडले. ही कोणाची तरी चेष्टा आहे आणि चेष्टा करणारा अक्षरावरून सापडतो, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता.

तुकडे सहज जुळले. लाकडाच्या रेघा एकातून दुसऱ्यात जात होत्या, त्या धरून लावत गेलं की झालं. पहिला पडलेला सगळ्यात उजवीकडं, पुढचा त्याच्या डावीकडं. वर आणि खाली सरांच्याच पद्धतीनं पट्टीची जागा सुटलेली. तुकड्यांच्या मधे फळ्याचा काळा रंग दिसायला लागला आणि त्या काळ्यातून अक्षरं उभी राहिली. सरांनी मागं सरकून वाचलं.

माधवी.

“अगं, इकडं ये. तुझी पाटी आली बघ.”

ती पदराला हात पुसत आली. आपलं नाव बघून आधी हसली, लाजलीसुद्धा. इतकी माणसं वेलांट्यांसाठी झिजवून झाली, पण घरच्या बाईचं नाव सरांनी आजवर कशावर कोरलं नव्हतं.

“तुमी केलंत?”

“तुम्ही. आणि मी नाही केलं. तुझ्या दिवट्या चिरंजीवांचा उद्योग आहे हा.”

“म्हंजे अजून म्होरलं यायचं हाय,” ती म्हणाली. तिनं नावाच्या डाव्या बाजूची रिकामी जागा बोटानं दाखवली. “हितं सौ. येईल.”

सौ. आला नाही. पुढच्या तीन दिवसांत आला ‘त’, त्याच्या डावीकडं वेलांटीची काठी, मग ‘म’. सरांनी वाचलं, ‘मति माधवी’, आणि ते मोठ्यांदा हसले.

“मती! तुझ्या नावाअगोदर मती! विनोद बरा आहे. पण मराठीत मतीला दुसरी वेलांटी असते, गाढवाला तेवढंही ठाऊक नाही.” दीपकच्या मोबाइलवरच्या निरोपांत सगळ्या वेलांट्या पहिल्या असत. पुरावाच मिळाला होता. सरांनी चूक दुरुस्त केली नाही, जशीच्या तशी ठेवली, रविवारी त्याच्या तोंडावर मारायला.

फोनवर दीपक शपथेवर म्हणाला की त्याला यातलं काही ठाऊक नाही. माधवी फळ्यापाशी उभी राहून फोन ऐकत होती. नंतर ती बराच वेळ तिथंच होती.

५

सरांनी काम थांबवलं. कंबर दुखते म्हणाले. पातं काढून डबीत ठेवलं, यंत्राची पिन उपसली, परात ओट्यावर पालथी घातली आणि खोलीला कुलूप लावलं. किल्ली सदऱ्याच्या खिशात. हे सगळं त्यांनी अशा चेहऱ्यानं केलं, जणू वर्गातल्या टारगट पोराला बाहेर काढून दार लावतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वादोनला ते अंगणात पेपरातल्या चुकांवर खुणा करत होते. आतून आवाज आला. ‘टण्’ नव्हता. दबलेला, बसका, झाकलेल्या भांड्यात काहीतरी आपटावं तसा. थोड्या वेळानं पुन्हा. मग सलग चारपाच.

ते कुलूप काढून आत गेले. परात तशीच पालथी होती. ती उचलायला त्यांना वेळ लागला. ऐन दुपारी लख्ख उजेडात आपण एका परातीला भितोय, याचा त्यांना इतका राग आला की त्या रागानंच त्यांनी ती उलटवली. खाली सिमेंटवर उरलेले तुकडे होते. सिमेंटला चीरसुद्धा नव्हती, बोट फिरवून पाहिलं.

जुळवायची गरज नव्हती, पण त्यांनी ते फळ्यावर नेऊन जुळवलं. ‘श्री’ झाला. त्यापुढं ‘मति’. त्यापुढं ‘माधवी’.

माधवी दारात होती. ती कधी आली ते कळलं नाही.

“श्रीमती,” ती म्हणाली. तिनं बरोबर वाचलं, चूक असूनही. “आवं, ह्ये माझं नाव न्हाय.”

“नाही,” सर म्हणाले, आणि ती दुरुस्ती होती की होकार, त्यांचं त्यांनाच समजलं नाही.

“सौ. हाय मी. तुमी हायसा म्हणून सौ. हाय. पत्रिकेवर, हळदीकुंकवाच्या बोलावण्यावर, सगळीकडं सौ. हाय.” तिचा आवाज चिरकला. “तुमच्या माघारी लागायचं त्ये आज कोण कापतंय? माझा माणूस न्यायला बसलंय त्ये, आन् तुमी वाचत काय बसलाय?”

सरांनी चष्मा नीट केला. ते खाली वाकले, पुन्हा वाचलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला आणि ते हसले. खरोखरीचं, सुटल्यासारखं.

“अगं वेडे, वाच नीट. श्रीमति. पहिली वेलांटी. असा शब्दच नाही मराठीत. ज्याला श्रीमती लिहिता येत नाही तो काय माझं वाकडं करणार?”

तिनं डोळे पुसले आणि खरंच नीट पाहिलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तिला शुद्धलेखनात रस वाटला.

“म्हंजे चुकलंय?”

“धडधडीत.”

“मग चुकीचंच राहू द्या. चुकलंय म्हणून तुमी हितं हायसा. हात लावू नका.” तिनं त्यांचा उजवा हात धरला, ते लाल बोट मुठीत घट्ट पकडलं. “माझ्या गळ्याची आण. मी बादशाहभाईंना फोन लावते. टेम्पो घेऊन येत्याल, मशीन, परात, फळा, सगळं घेऊन जात्याल. तवर हात लावायचा न्हाय.”

ती थांबली.

“नाही,” सर म्हणाले. “लावत नाही.”

६

टेम्पो चारला येणार होता. माधवी स्वयंपाकघरात गेली. सरांनी अंगणात बसायला हवं होतं. पण आपण घाबरलोय असं तिला वाटू नये म्हणून ते खोलीतच खाटेपाशी खुर्ची घेऊन बसले. हात मांडीवर ठेवले.

पावणेचार झाले. दारातून उन्हाचा पट्टा फळ्यापर्यंत आला. श्रीमति माधवी. जिथून कुठून आलं असेल ते, काम मात्र स्वच्छ होतं, हे सरांना मनात कबूल करावं लागलं. वळणं गोल, रेषा सरळ, ‘ध’ची गाठ तर त्यांना स्वतःलाही इतकी साधली नसती. अशा हाताकडून अशी चूक. ‘धवी’ला दुसरी वेलांटी बरोबर दिली आणि ‘मती’ला पहिली. मग नियम ठाऊक नाही असंही म्हणता येत नव्हतं. निष्काळजीपणा. सरांना अज्ञानापेक्षा निष्काळजीपणाचा जास्त संताप येत असे.

त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडं पाहिलं. भिंतीवरही तोच शब्द दिसत राहिला.

चारला बादशाह येणार. हमाल येणार. ते हा फळा उचलणार, वाचणार. जोतीराम समोरून बघायला येणार, तो तर आयुष्यभर वाट बघत असेल. रणवरे सरांच्या घरात ‘श्रीमति’! गोठ्यात पाटी लावणारा माणूस दूध घालता घालता डेअरीत सगळ्यांना सांगणार. सरांचे कान गरम झाले.

आणि फरक तो केवढा. नवीन काही कापायचं नव्हतं. ‘त’मधला तुकडा अंगठ्याएवढा डावीकडं सरकवायचा, की काठीची जागा उजवीकडं मोकळी होते. वरच्या कमानीचा तुकडा फक्त उलटा ठेवायचा. त्यांनी ते मनात केलं. मनात करायला हरकत नव्हती. मनातलं इतकं बरोबर दिसलं की समोरचं त्यांना डोळ्यांनी बघवेना.

तिला ‘लावत नाही’ म्हटलं होतं ते त्यांना आठवत होतं. पण तीही शेवटी कोऱ्हाळ्याची, तिला काय कळतंय, असंही त्यांना वाटलं.

बोट कधी पुढं गेलं ते त्यांना दिसलं नाही. तुकडा सरकल्याचा आवाज तेवढा आला, पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा. मग कमानीचा तुकडा उचलून त्यांनी उलटा ठेवला, आणि सवयीनं नखानं जरा नीट केला.

श्रीमती माधवी.

छातीत हलकं झालं. एखादी घाण वही तपासून संपवल्यावर होतं तसं. सर खुर्चीत मागं टेकले.

ओट्यावर काहीतरी खरखरलं.

यंत्राची पिन भिंतीपाशी लोंबत होती. पातं डबीत होतं आणि डबी सरांच्या खिशात. तरीही टेबलाच्या त्या बारीक फटीतून काहीतरी वर येत होतं. पातं नव्हतं. जाड होतं, फटीत मावत नव्हतं, तरी येत होतं. आधी नख. मग नखाखालचं टोक.

टोक लालसर होतं.

ते बोट फटीच्या कडेवर टेकलं आणि पत्र्यावर एकदा खाली आणि एकदा वर, झटक्यानं ओढलं गेलं. वर जाताना जरा लांब. ती खूण सरांनी ओळखली. तीस वर्षं हजारो वह्यांमध्ये त्यांनी ती केली होती, तीही मोजूनमापून. बरोबर.

म्हणजे त्याला सगळं येत होतं. पहिली वेलांटी त्यानं मुद्दाम दिली होती, घरात हा शब्द असा कोणाला बघवणार नाही ते ओळखून.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. माधवीची पावलं परसातून आली. सरांना तिच्याकडं वळायचं होतं, पण मान हलेना.

“आवं, बादशाहभाई आल्यात,” ती दाराबाहेरूनच म्हणाली. “फळ्याला हात लावला न्हाय न्हवं?”

ती थांबली. नेहमीसारखी, तेवढीच.

शब्द सरांच्या जिभेवर होता. दोनच अक्षरं. त्यांनी तोंड उघडलं, जीभ दातांमागं टेकवली, सगळा जोर लावला.

बाहेर टेम्पोचं इंजीन बंद झालं. माधवी अजून उंबऱ्यापलीकडंच उभी होती.

“न्हाय न्हवं?” ती पुन्हा म्हणाली. या वेळी तिनं तो शब्द मोठ्यांदा, ठासून, मुद्दाम चुकीचा म्हटला, आणि वाट बघत राहिली.